जमा होतं, निघत नाही : अंगातल्या लोहाबद्दल

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या तासाला झालेलं बोलणं. त्या दिवशी ज्या ताईंना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



विषयपत्रिकेवर नुसतं 'आरोग्य' लिहिलंय, त्यामुळे अर्ध्या जणींनी मनात उत्तर तयारच ठेवलं असेल. हिरव्या पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे, लाल गोळी. आज ते नाही. आज उलट्या बाजूचं बोलायचंय. अंगात लोह कमी असतं हे आपण दर महिन्याला बोलतो. लोह जास्त झालं तर काय होतं, हे आपण कधीच बोललो नाही.

आणि आजच का? गेल्या काही महिन्यांत दोन ग्रामसंघांकडे मोठ्या आजारपणासाठी कर्जाची मागणी आली. दोन्ही अर्जांत कारण एकच लिहिलं होतं, 'लिव्हर बदलणे'. एका घरात लिव्हर देणार होती आई, दुसऱ्या घरात बायको. कर्जाचा अर्ज मंजूर करायचा की नाही हे ठरवायला आपण बसलो, पण आजार नेमका काय आहे हे कोणाला नीट सांगता येईना. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर बोलू.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर घरी जाऊन कोणी गोळ्या उकिरड्यावर टाकेल. तुम्हाला आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देते, त्या बंद करायच्या नाहीत. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची म्हणजे घ्यायची. त्यानं कोणाचं लिव्हर खराब होत नाही. आपली पाळी जाते, बाळंतपणं होतात, त्यात लोह निघूनच जातं. मी बोलतेय ते वेगळ्या माणसांबद्दल. ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं, त्यांच्याबद्दल.

आता हिशोबाचं बोलू, कारण हिशोब आपल्याला कळतो.

आपल्या शरीराला लोहाचं एक बचत खातं समजा. धडधाकट माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. म्हणजे एखाद्या बारीक खिळ्याएवढं. रोजच्या जेवणातून त्यात भर पडते एक ते दोन मिलिग्रॅमची, आणि तेवढंच रोज झिजून जातं. पण या खात्याची गंमत अशी, की यात विड्रॉल स्लिपच नाही. पाणी जास्त प्यालं तर लघवीवाटे जातं, मीठ जास्त झालं तर किडनी बाहेर टाकते. लोह जास्त झालं तर ते बाहेर टाकायला शरीराकडे रस्ताच नाही. जमा होतं, निघत नाही.

आता थॅलेसेमियाचं लेकरू घ्या. त्याच्या अंगात धड रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याला दोन पिशव्या धरा. वर्षाच्या चोवीस पिशव्या झाल्या. करा गुणाकार. पाच ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे साऱ्या अंगात जन्मभर जेवढं असायला हवं, त्यापेक्षा जास्त लोह त्याच्या खात्यावर एका वर्षात जमा होतं. दहा वर्षांत किती? सिकलसेलच्या ज्या मुलांना वारंवार रक्त लागतं, त्यांचंही असंच. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल किती आहे ते मी सांगायला नको.

रक्त बंद करता येत नाही. रक्त तर जीव आहे. मग हे जास्तीचं लोह जातं कुठे? पहिल्यांदा लिव्हरमध्ये. लिव्हर म्हणजे आपल्या घरातली कोठीची खोली, जास्तीचं सगळं तिथे ढकलायचं. ती भरली की हृदयात, स्वादुपिंडात, आणि ज्या गाठींमुळे मूल वाढतं, वयात येतं, त्यांच्यात. म्हणून अशी मुलं ठेंगणी राहतात, मुलींना पाळी उशिरा येते किंवा येतच नाही, साखरेचा आजार लहान वयात लागतो. लिव्हर मात्र शेवटपर्यंत तक्रार करत नाही, म्हणून तर घात होतो. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, पाय सुजले, तोवर आतून ते दगडासारखं कडक झालेलं असतं. त्याला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात.

मग घरचे म्हणतात, बदलून टाका लिव्हर. मोटार जळाली की नवी बसवतो तसं.

इथे मला जरा लांबचं उदाहरण द्यायचंय. युरोपात, आणि तिथून अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांमध्ये एक आजार आहे, हिमोक्रोमॅटोसिस. त्यात रक्त चढवायची गरज नसते. जन्मतःच शरीर जेवणातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं. १९९६ साली त्याचं मुख्य जनुक सापडलं. आपल्या देशात तो प्रकार क्वचित दिसतो. पण लिव्हर बदलल्यावर लोह साठलेल्या माणसाचं काय होतं, हे डॉक्टर लोक मुख्यतः त्या रुग्णांवरून शिकले. सुरुवातीच्या काळात, १९८०-९० च्या दशकांत, त्यांचं लिव्हर बदललं तर इतर रुग्णांपेक्षा त्यांच्यात जास्त जण दगावत. नवं लिव्हर चांगलं असायचं. माणूस जायचा तो हृदय बंद पडून, नाहीतर जंतूंच्या संसर्गानं. कारण लोह फक्त लिव्हरमध्ये थोडंच होतं? हृदयातही होतं, आणि ते कोणी बघितलेलं नसायचं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा ताण ते हृदय सोसायचं नाही. शिवाय कितीतरी जंतूंना लोह म्हणजे पक्वान्न. त्यात नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं द्यावी लागतात. मग जंतूंना रानच मोकळं.

पुढे डॉक्टरांनी पद्धत बदलली. ऑपरेशनच्या आधी हृदय तपासायचं, आधी अंगातलं लोह उतरवायचं. त्या लोकांचं रक्त चांगलं असतं, त्यामुळे रक्तदानाला काढतात तशी पिशवी दर आठवड्याला काढायची, की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह कमी. हे सुरू झाल्यावर त्यांचे निकाल सुधारत जवळजवळ इतर रुग्णांच्या बरोबरीला आले. अजून एक चांगली गोष्ट कळली. लोह किती शोषायचं याचा हुकूम सोडणारं हेप्सिडिन नावाचं द्रव्य लिव्हरमध्येच तयार होतं. त्यामुळे दुसऱ्याचं निरोगी लिव्हर बसवलं की तो बिघाडच दुरुस्त होतो. लोह पुन्हा तसं साठत नाही.

आता नीट ऐका. हे थॅलेसेमियाला लागू होत नाही. थॅलेसेमियाचा बिघाड लिव्हरमध्ये नसून हाडातल्या मगजात आहे, जिथे रक्त तयार होतं तिथे. लिव्हर बदललं तरी रक्त चढवावं लागणारच, आणि पिशवीबरोबर लोह येणारच. गळकं छप्पर तसंच ठेवून खालची गादी बदलल्यासारखं आहे ते. नव्या लिव्हरमध्येही लोह साठणार. म्हणून थॅलेसेमियाच्या माणसाचं लिव्हर बदलल्याची उदाहरणं जगभरात मोजकीच आहेत. होऊ शकतं, पण लोह उतरवायचं औषध आधीही घ्यायचं आणि नंतरही जन्मभर घ्यायचं, या अटीवर. आणि यांना पिशवी काढून लोह कमी करता येत नाही, कारण मुळात रक्तच नाही. औषध हाच एक रस्ता.

तर मी ज्या आईचं सांगत होते तिच्याकडे येऊ. तिची परवानगी घेऊन सांगतेय, गावाचं नाव सांगत नाही. मुलगा बावीस वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. लहानपणी लोहाची गोळी, म्हणजे लोह उतरवायची गोळी, नियमित चालू होती. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यानं ती सोडली. मित्रांसमोर नको वाटायचं, मळमळायचं, आणि 'मला तर काहीच होत नाही.' घरच्यांनीही जोर केला नाही, रक्त तर वेळेवर चढत होतं. आता लिव्हर खराब निघालं. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, ट्रान्सप्लांटचा विचार करा, खर्च वीस लाखांच्या वर. घरात ठरलं की आई लिव्हर देईल, दोन एकर गहाण पडेल आणि उरलेलं गटातून उचलायचं. आई माझ्यासमोर म्हणाली, "माझं काय, मी आता अशीही म्हातारी झाले." वय वर्षं त्रेचाळीस.

आम्ही काही मोठं केलं नाही. फक्त म्हटलं, पैसे उचलायच्या आधी थॅलेसेमिया बघणाऱ्या रक्तविकार तज्ज्ञांना एकदा फाइल दाखवा. त्यांनी एक खास एमआरआय करायला लावला. त्याला टी-टू-स्टार म्हणतात. त्यात हृदयात आणि लिव्हरमध्ये लोह किती आहे ते आकड्यात कळतं. हृदयाचा आकडा २० च्या वर असला तर ठीक, १० च्या खाली आला तर धोका मोठा. या मुलाचा आकडा ९ आला. म्हणजे तशा अवस्थेत त्याला टेबलावर घेतलं असतं तर आईचं लिव्हरही गेलं असतं आणि मुलगाही. डॉक्टर म्हणाले, आधी हृदयातलं लोह उतरवू, दोन औषधं एकदम देऊ, मग बघू. रक्तातून पूर्वी कधीतरी लागलेली 'सी' काविळही निघाली. तिची गोळ्यांची ट्रीटमेंट राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळाली. हा कार्यक्रम २०१८ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात विचारा. मुलगा आता गोळ्या घेतोय. ट्रान्सप्लांट लागेल का नाही, अजून ठरलेलं नाही. शेत मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे.

या औषधांबद्दल थोडं सांगते, कारण तीच मधे सुटतात. डेफेरासिरॉक्स ही रोज घ्यायची गोळी. डेफेरिप्रोन दिवसातून तीनदा. आणि डेस्फेरॉल हे पोटाच्या कातडीखाली सुई लावून छोट्या पंपानं आठ-दहा तास हळूहळू द्यायचं, आठवड्यातून पाचेक रात्री. साधारण दहा ते वीस पिशव्या चढून झाल्या किंवा फेरिटिनची तपासणी १००० च्या वर गेली, की औषध सुरू करतात. आपल्याकडे कितीतरी लेकरांचं फेरिटिन चार-पाच हजार असतं आणि आयांना तो शब्दच माहीत नसतो. रक्त चढवायला जाता तेव्हा विचारा. "डॉक्टर, याचं फेरिटिन किती?" एवढंच विचारायचं.

डेफेरिप्रोनमुळे लघवी लालसर होऊ शकते. आई घाबरते आणि गोळी बंद करते. घाबरू नका. पण ही गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखायला लागला तर ती लगेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण या गोळीनं काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. तिथे 'उद्या बघू' चालत नाही. डेफेरासिरॉक्सवर असलेल्यांची किडनी आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी झाली पाहिजे. औषध जिल्हा रुग्णालयात मिळतं का ते विचारा. कधी मिळतं, कधी साठा संपलेला असतो, हे मला माहीत आहे. साठा नसेल तर एकट्या आईनं भांडण्यापेक्षा ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर फरक पडतो. थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाच्या यादीत आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या.

लहान मुलांसाठी मगज बदलायचं ऑपरेशन असतं, बोन मॅरो ट्रान्सप्लांट. ते थॅलेसेमिया मुळातून बरा करू शकतं. भावंडाचा मगज जुळला तर लवकर चौकशी करा. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, नेमलेल्या रुग्णालयांत, दहा लाखांपर्यंत मदत मिळते. आणि तिथेही लोहाचा हिशोब आडवा येतोच. इटलीतल्या पेसारो नावाच्या गावातल्या डॉक्टरांनी या मुलांचे तीन वर्ग पाडले. वर्ग ठरवायला तीनच गोष्टी बघितल्या. लिव्हर वाढलंय का, लिव्हर कडक व्हायला लागलंय का, आणि लोहाचं औषध आजवर नियमित घेतलंय का. ज्या मुलांचं तिन्ही ठीक, त्यांचा निकाल सगळ्यात चांगला. बघा, आई रोज रात्री मागे लागून जी गोळी देते, ती थेट डॉक्टरांच्या तक्त्यात मोजली जाते.

आता देणाऱ्या बाईबद्दल. हे मी मुद्दाम बोलणार आहे, कंटाळा आला तरी.

आपल्या देशात पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ साली दिल्लीत झालं. लेकरू दोन वर्षांचंही नव्हतं, आणि लिव्हरचा तुकडा दिला होता त्याच्या बापानं. पण आज जिवंतपणी अवयव देणाऱ्यांची यादी काढली तर त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. प्रेमानं देतात यात शंका नाही. पण कधी कधी विचारलंच जात नाही, गृहीत धरलं जातं. 'घरातला कमावता कसा देणार?' म्हणजे आपण मजुरीला जातो, शेळ्या पाळतो, पापड विकतो, ते कमावणं नाही वाटतं!

देणाऱ्या बाईचं लिव्हर अर्ध्याहून जास्तही कापून घेतात. लिव्हर पुन्हा वाढतं, काही महिन्यांत बरंचसं भरून येतं, हे खरं आहे. पण ऑपरेशन मोठं आहे. देणाऱ्याचा जीव जायचा धोका थोडा का होईना असतोच. दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, हंडा नाही, सरपण नाही. तिची मजुरी बुडते. कर्जाच्या अर्जात ऑपरेशनचा खर्च लिहिलेला असतो, पण तिच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना कुठेच नसतो. नंतर घेणाऱ्याला जन्मभर औषधं लागतात, तेही लिहिलेलं नसतं.

आणि कायदा काय म्हणतो? अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की देणारी व्यक्ती बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची ओळख व तिची स्वतःची संमती अवयव घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. म्हणजे सरकारलाही माहीत आहे हो, घरात काय चालतं ते. तुम्ही डॉक्टरांना म्हणू शकता, मला एकटीशी बोलायचंय. सही करायच्या आधी नाही म्हणता येतं, सही केल्यावरही ऑपरेशनला नेईपर्यंत नाही म्हणता येतं. पैसे देऊन-घेऊन अवयव देणं गुन्हा आहे, मधला एजंट तर कधीच नको. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या लिव्हरसाठी प्रतीक्षा यादीत नाव दवाखान्यामार्फतच लागतं. त्या याद्या बघणारी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. जिवंत दात्याची बोलणी सुरू झाली की 'यादीत नाव घातलं का?' हे आधी विचारा.

दुसऱ्या घराचं राहिलं. तिथे नवऱ्याचं लिव्हर दारूनं गेलंय. रिपोर्टवर फेरिटिन जास्त आलं, म्हणून घरात सगळे म्हणायला लागले, 'लोहाचा आजार झालाय, दारूचा संबंध नाही.' दारूनं, लिव्हरच्या सुजेनं, नुसत्या संसर्गानंही फेरिटिन वर जातं. तो आकडा म्हणजे दारूला क्लीन चिट नव्हे. त्या ताईनं आत्ता एवढंच ठरवलंय, की तो दारू सोडून सहा महिने राहिला तर पुढे बोलू. गटानं तिच्या मागे उभं राहायचं ठरवलंय. मला ते पटलं.

सभेत प्रश्न आले, त्यातले दोन इथे देते. एका काकूंनी विचारलं, "मग लोखंडी कढई टाकून देऊ का?" नाही काकू! तुमच्या-माझ्यासाठी ती चांगलीच आहे. थॅलेसेमियाच्या मुलाचं जेवण फक्त त्यात करू नका, आणि त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची किंवा सी जीवनसत्त्वाची गोळी देऊ नका. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं. म्हणून तुम्हाला आम्ही जेवणाबरोबर चहा नको म्हणतो आणि याला डॉक्टर घे म्हणतात. एकाच घरात दोन उलटे सल्ले, पण दोन्ही बरोबर.

दुसरा प्रश्न सीआरपी ताईंचा होता. "हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्या घेऊनही वाढत नाही, अशा बाईचं काय?" तिची एचपीएलसी नावाची रक्त तपासणी करायला सांगा. ती थॅलेसेमियाची वाहक असू शकते. वाहक बाई आजारी नसते. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, की मूल थॅलेसेमिया मेजरचं होईल. दिवस राहिल्यावर पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच कळलं तर पुढच्या तपासण्यांना वेळ मिळतो.

पुढच्या ग्रामसंघ सभेत प्रत्येक गटानं एवढी माहिती आणायची आहे. आपल्या गटातल्या कोणाच्या घरी रक्त चढवावं लागणारं मूल किंवा माणूस आहे का, त्याचं शेवटचं फेरिटिन कधी तपासलं, आणि औषध चालू आहे का. नावं फळ्यावर लिहायची नाहीत, वहीत लिहून लिपिका ताईंकडे द्यायची. फाइल घेऊन आलात तर मी सभेनंतर थांबणार आहे. जिल्हा रुग्णालयात जायचा दिवस तिथेच ठरवू, गाडीभाडं सगळ्यांत मिळून वाटून घेऊ.